पन्नाशीनंतरची पहिली बॅकपॅक

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत इतिहास शिकवणाऱ्या, एक्कावन्न वर्षांच्या वाचक भगिनींचे हे पत्र आहे. आजवर त्या परदेशी गेल्या त्या यजमानांसोबत आणि प्रवासी कंपनीच्या सहलीतून. आता पुण्यात नोकरी करणारी त्यांची चोवीस वर्षांची भाची ‘मावशी, या दिवाळीच्या सुट्टीत आपण दोघी व्हिएतनामला बॅकपॅकिंग करू’ म्हणून मागे लागली आहे. तिच्या बेतात चौदा दिवसांत हनोई, सापा, हा जियांग, हा लाँग, ह्युए, होई आन, हो ची मिन्ह सिटी आणि शेवटी कंबोडियातले अंगकोर वाट आहे. मुक्काम हॉस्टेलच्या सामाईक खोल्यांत आणि डोंगराळ भागात भाड्याची मोटारसायकल, असा तिचा आग्रह आहे. यजमान म्हणतात, ‘हे आपल्या वयाला शोभत नाही, जायचेच तर कंपनीबरोबर जा.’ बाईंची कंबर अधूनमधून दुखते, त्या पूर्ण शाकाहारी आहेत आणि इंग्रजी बोलताना अडखळतात. ताजा कलम म्हणून त्यांनी लिहिले आहे की, व्हिएतनाममधल्या मी-सॉनच्या शिवमंदिरांविषयी वाचल्यापासून ती पाहण्याची फार इच्छा आहे. ‘मला हे जमेल का, की हा तरुणांचाच प्रांत आहे?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर:

तुम्ही प्रश्न वयाचा विचारला आहे, पण मला पत्रात अडचण दिसली ती वेगळीच. भाचीने आठ ठिकाणांची यादी केली आहे आणि तुम्हाला ज्याची सर्वांत जास्त ओढ आहे, ते मी-सॉन त्या यादीत नाही. होई आनपासून ते जेमतेम चाळीस किलोमीटरवर आहे आणि होई आन यादीत आहे, तरीही नाही. म्हणजे जायचे की नाही हे तुम्ही अजून ठरवलेले नाही, आणि तुमचा प्रवास मात्र दुसऱ्या कुणीतरी आखून पूर्ण केला आहे. कंपनीच्या सहलीतही हेच होत होते. तिथे निदान तुमच्या व्हिसाची आणि जेवणाची जबाबदारी कुणीतरी घेत होते.

म्हणून आधी बॅकपॅकिंगविषयीच थोडे बोलू. पाठीवर भली मोठी पिशवी, आठ जणांच्या खोलीत वरचा पलंग, रात्रीची बस आणि कमीत कमी खर्च, असे चित्र तुमच्या आणि तुमच्या यजमानांच्याही मनात आहे, आणि ते बहुधा भाचीच्या मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आलेले आहे. प्रत्यक्षात या प्रकारच्या प्रवासाचा गाभा एवढाच आहे की कुठे थांबायचे, किती दिवस थांबायचे आणि कधी निघायचे हे निर्णय आपल्या हातात राहतात, आणि सामान इतकेच असते की कुणाच्या मदतीवाचून ते उचलून निघता येते. बाकीच्या गोष्टी आवडीच्या आहेत. त्या जमत नसतील तर सोडून द्याव्यात, त्याने प्रवासाची जात बदलत नाही. मात्र निर्णय हाती घ्यायचे म्हणजे कोणता निर्णय चुकला तर किती महागात पडेल, हे ओळखायला हवे. ऋतू, व्हिसा, विमा, वाहन आणि पहिली रात्र या बाबतींत चूक परवडत नाही, तेव्हा त्या घरी बसून पक्क्या कराव्यात. कोणत्या गल्लीत जेवायचे आणि ह्युएमध्ये आणखी एक दिवस राहायचे का, हे तिथे गेल्यावर ठरवले तरी चालते. पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण नेमके उलट करतात. कॅफेंची यादी तयार असते आणि पावसाचा पत्ता नसतो.

तुमच्या बेतातही ऋतूच चुकला आहे. व्हिएतनाम उत्तर-दक्षिण इतका लांबट देश आहे की सगळीकडे एकाच वेळी चांगली हवा क्वचितच मिळते. आपल्याकडे पाऊस ओसरून दिवाळी येते, त्या सुमारास मध्य व्हिएतनामचा खरा पावसाळा सुरू असतो. ह्युए, दा नांग आणि होई आन या पट्ट्यात ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे सर्वांत जास्त पावसाचे महिने, आणि वादळेही याच काळात किनाऱ्यावर येतात. २०२५ मध्ये दिवाळी संपून आठवडा होतो न होतो तोच ह्युए आणि होई आन ही दोन्ही शहरे पुराच्या पाण्यात होती आणि होई आनच्या जुन्या पेठेतून माणसे होडीने ये-जा करत होती. दरवर्षी एवढा पूर येतो असे नाही, परंतु ज्या पट्ट्यासाठी तुमचा जीव अडकला आहे, तिथे नेमक्या त्याच महिन्यात जाणे शहाणपणाचे नाही.

शिक्षक म्हणून तुम्हाला मोठी सुट्टी दोनदाच मिळते. दिवाळीत जायचेच असेल तर मध्य भाग सोडून फक्त उत्तरेकडे जावे. हनोई, निन्ह बिन्ह, हा जियांग या भागांत ऑक्टोबर-नोव्हेंबरची हवा उत्तम असते. पण मग मी-सॉन राहते. तेव्हा माझे मत विचाराल तर दिवाळी सोडा आणि मे महिन्यात जा. मे महिन्यात मध्य व्हिएतनाममध्ये ऊन चांगलेच तापते, हे खरे. पण ते बहुतांशी कोरडे असते आणि उन्हाची सवय आपल्याला उपजतच आहे. ३० एप्रिल आणि १ मे या तिथल्या राष्ट्रीय सुट्ट्या असतात आणि त्यांच्या आगेमागे देशभर गर्दी उसळते, म्हणून ५ मेनंतर पोहोचेल असे पाहावे. ज्या वाचकांना जानेवारी-फेब्रुवारीत जायचे आहे त्यांनी ‘तेत’ हे तिथले नववर्ष कोणत्या तारखांना आहे ते आधी तपासावे. त्या आठवड्यात गाड्या भरलेल्या असतात आणि अनेक दुकाने बंद असतात.

मी-सॉनविषयी तुम्ही वाचलेच आहे, त्यामुळे थोडक्यात सांगते. चंपा या तिथल्या चाम लोकांच्या प्राचीन राज्याच्या राजांनी चौथ्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत डोंगरांनी वेढलेल्या या खोऱ्यात विटांची शिवमंदिरे बांधली. १९६९ मध्ये अमेरिकेच्या बाँबवर्षावात त्यांतले सर्वांत भव्य शिखर कोसळले. १९९९ मध्ये हे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले, पुढे आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तिथल्या काही मंदिरगटांच्या जतनाचे काम केले आणि २०२० मध्ये त्याच कामात वालुकाश्माचे एक अखंड शिवलिंग सापडले. इतिहासाच्या शिक्षिकेने हे ठिकाण गटाबरोबर घाईघाईत पाहू नये. होई आनमधून पहाटे गाडी करावी, ऊन चढण्याआधी दोन-तीन तास शांतपणे हिंडावे आणि दुसऱ्या दिवशी दा नांगच्या चाम शिल्प संग्रहालयात जावे. मंदिरांतून हलवलेली बरीचशी शिल्पे तिथे आहेत, आणि तीही पाहिल्याखेरीज मी-सॉन पुरते कळत नाही.

मग चौदा दिवसांचा बेत असा करता येईल. हनोईला उतरायचे आणि हो ची मिन्ह सिटीहून परतायचे, म्हणजे आल्या वाटेने उलटा प्रवास करावा लागत नाही. विमानाचे तिकीट काढताना जाण्याचे व येण्याचे शहर वेगवेगळे घेता येते. हनोई आणि निन्ह बिन्ह मिळून सहा दिवस, तिथून रात्रीच्या रेल्वेने ह्युए, तिथे दोन दिवस, मग दा नांग-होई आनला चार दिवस, आणि उरलेला वेळ दक्षिणेत. ह्युए ते दा नांग हा अडीच-तीन तासांचा प्रवास मात्र दिवसाच्या रेल्वेनेच करावा आणि समुद्राच्या बाजूची खिडकी मिळवावी, कारण हाय वान घाटात रूळ कड्याच्या कडेने जातात आणि खाली समुद्र दिसत राहतो. सापा, हा लाँग आणि अंगकोर या वेळी सोडावे. कंबोडिया म्हणजे वेगळा व्हिसा, वेगळे चलन आणि आणखी दोन विमाने. अंगकोर शेवटच्या दोन दिवसांत उरकण्याची जागा नव्हे.

आता हा जियांग. भाचीची तिथे जाण्याची हौस मी समजू शकते, कारण त्या डोंगरांतला रस्ता खरोखर अप्रतिम आहे. पण तीन-चार दिवस वळणावळणांच्या घाटातून मोटारसायकलवर बसणे तुमच्या कंबरेला झेपणारे नाही, आणि मला वाटते तुम्हाला त्याची फारशी इच्छाही नाही. तेव्हा त्या दिवसांत दोघींनी वेगळे व्हावे. ती तिकडे जाईल, तुम्ही हनोईत आणि निन्ह बिन्हमध्ये राहाल. हे वाचून कदाचित पोटात गोळा येईल. तरीही सांगते की ‘मला जमेल का’ या तुमच्या प्रश्नाचे उत्तर याच तीन-चार दिवसांत आहे; भाची सतत बरोबर असली तर टूर मॅनेजर फक्त बदलला, एवढेच होईल. हनोईतले साहित्यमंदिर तुम्ही एकटीने सावकाश पाहावे असे मला फार वाटते. १०७० मध्ये स्थापन झालेल्या या कन्फ्यूशियसच्या मंदिराच्या आवारात दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलालेख उभे आहेत आणि त्यांवर जुन्या राजपरीक्षांत उत्तीर्ण झालेल्या विद्वानांची नावे कोरलेली आहेत. परीक्षेच्या दिवसांत तिथली मुले आजही आशीर्वाद मागायला येतात. शिक्षकाला तिथे सोबतीची गरज पडत नाही.

मोटारसायकलविषयी भाचीला स्पष्ट सांगायला हवे, आणि तिच्यासारख्या सर्वच तरुण वाचकांना. ती पुण्यात रोज स्कूटर चालवते, हे पुरेसे नाही. आपल्याकडे आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो आणि व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेले परवाने मानते. त्यामुळे आपला परवाना तिथे ग्राह्य धरला जात नाही. दुकानदार गाडी देतो, कुणी काही विचारत नाही, सगळे हिंडत असतात. पण अपघात झाला की विमा कंपनी ‘वैध परवाना नव्हता’ म्हणून दावा फेटाळू शकते आणि रुग्णालयाचे बिल घरच्यांवर येते. यावर सोपा उपाय आहे. हा जियांगमध्ये स्थानिक चालकाच्या मागे बसून जाण्याची व्यवस्था सर्रास मिळते, मोटारही मिळते. थोडे पैसे जास्त जातात, ते जाऊ द्यावेत. गाडी भाड्याने घेताना किंवा अन्य कुठेही अनामत म्हणून मूळ पासपोर्ट कुणाच्या हाती ठेवू नये, हे दोघींनीही पाळावे. हॉटेलवाले नोंदणीसाठी तो मागतात. नोंद झाली की लगेच परत मागून घ्यावा.

मुक्कामाचा वाद मला अनावश्यक वाटतो. दोघींनी सामाईक खोलीत दोन पलंग घेतले काय आणि एखाद्या घरगुती होमस्टेमध्ये साधी स्वतंत्र खोली घेतली काय, खर्चात फारसा फरक पडत नाही. सामाईक खोलीत लोक भेटतात हा तिचा मुद्दा खरा आहे, पण लोक होमस्टेच्या न्याहारीच्या टेबलावरही भेटतात. वाटल्यास एक रात्र फक्त महिलांसाठीच्या खोलीत राहून पाहा आणि खालचा पलंग मागून घ्या. कपाटासाठी स्वतःचे कुलूप न्या. रात्रीच्या स्लीपर बसचा मात्र मोह नको. चढताना चपला काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालायला देतात, मग अरुंद वाटेतून आपल्या कप्प्यापर्यंत जायचे, पाय समोरच्याच्या पाठीखालच्या खोबणीत सरकवायचे आणि तसेच अर्धवट पडून राहायचे. सरासरी उंचीच्या माणसालाही ती जागा अपुरी पडते आणि पहाटे चार-पाचला कुठेतरी उतरवून देतात. तुमच्या कंबरेसाठी रेल्वेतला चार पलंगांचा डबा घ्यावा आणि खालचा पलंग मिळवावा.

पिशवी ४० लिटरची पुरते. बऱ्याच स्वस्त विमान कंपन्या हातसामान ७ किलोपर्यंतच नेऊ देतात, तेवढीच मर्यादा आपणही मानावी. पिशवी घेताना तिला कमरेचा रुंद पट्टा आहे ना, हे पाहा. तो नीट आवळला की ओझे खांद्यांवरून कमरेच्या हाडांवर येते आणि पाठीच्या मणक्यावरचा भार हलका होतो. कंबरदुखीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच हे ठरवावे, आणि ते नको म्हणाले तर चाके असलेली छोटी बॅग न्यावी. कुणी हसणार नाही. फक्त हनोईच्या जुन्या पेठेत पदपथावर दुचाक्या लावलेल्या असतात आणि उरलेल्या जागेत बुटके प्लास्टिकचे स्टूल मांडून माणसे जेवत असतात, तिथे ती बॅग उचलूनच चालावे लागेल. कपडे चार जोड पुरेत. पाहिजे तिथे किलोच्या भावाने धुऊन मिळतात. सगळे भरून झाले की पिशवी पाठीवर घेऊन एकदा अजिंक्यतारा चढून उतरा. काय काढून ठेवायचे ते उतरतानाच कळेल.

जेवणाची तुम्हाला वाटते तेवढी चिंता नाही, पण समजुतीचा घोटाळा होतो. भाज्यांचे दिसणारे सूप बहुधा हाडांच्या रश्शात केलेले असते आणि टोफूवरसुद्धा माशाचे आंबवलेले पाणी घातलेले असते, त्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. तिथे बौद्ध परंपरेतला शाकाहार वेगळा ओळखला जातो आणि त्याला ‘चाय’ (chay) म्हणतात. ज्या खानावळीच्या पाटीवर हा शब्द असेल तिथे निर्धास्त जावे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ लोक असे जेवण घेतात, तेव्हा ते जास्तच सहज मिळते. ‘मी शाकाहारी आहे; मांस, मासे, अंडे आणि माशाचा सॉस चालत नाही’ हे व्हिएतनामी भाषेत मोबाइलवर लिहून घ्या आणि दाखवा. भाषांतराचे अॅप इंटरनेटशिवाय चालेल असे घरूनच उतरवून ठेवा. इंग्रजीच्या बाबतीतही हेच. बाजारात समोरच्या बाईचे इंग्रजी तुमच्यापेक्षा कच्चे असेल आणि व्यवहार कॅल्क्युलेटरवर आकडे दाखवून होईल. मेतकुटाची एक डबी न्या, घरचा फराळ मात्र सात किलोंत बसवू नका.

पैशांत एकच गोष्ट नवशिक्यांना फसवते. एका रुपयाला साधारण ३०० डोंग (तिथले चलन) येतात, त्यामुळे आकडे लाखांत जातात. त्यात २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० ची नोटही निळसरच. एकीची किंमत सत्तर रुपयांच्या आत आणि दुसरीची दीड हजाराच्या वर, आणि रात्री टॅक्सीतून उतरताना दिव्याच्या उजेडात दोन्ही सारख्याच दिसतात. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात. टॅक्सीसाठी ग्रॅबचे अॅप वापरले तर भाडे आधीच दिसते. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या, न फाटलेल्या नोटा न्या. दोघींची कार्डे वेगवेगळ्या बँकांची असू द्या, ती परदेशातील वापरासाठी निघण्यापूर्वी चालू करून घ्या, आणि ओटीपी येण्यासाठी भारतीय सिमवर रोमिंग सुरू ठेवा.

व्हिसा ऑनलाइन मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत दिला जातो आणि एका प्रवेशाचे सरकारी शुल्क २५ डॉलर आहे. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट व्हिएतनाम सरकारच्या ‘.gov.vn’ या डोमेनने होतो. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे कितीतरी पट पैसे घेतात, म्हणून पत्ता अक्षर न अक्षर तपासा. आपल्याकडच्या नावांची एक खास अडचण आहे. पासपोर्टवर बहुधा तुमच्या नावाला जोडूनच यजमानांचे नाव आहे आणि आडनाव वेगळ्या रकान्यात आहे. तिकिटावर आणि व्हिसावर तेच नाव, त्याच स्पेलिंगने आणि यजमानांच्या नावासह यायला हवे. एक अक्षर चुकले तरी विमानतळावर अडवतात. व्हिसा हाती आला की जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक पुन्हा पडताळा. प्रवासविमा घेताना कंबरेचे दुखणे लपवू नका, लिहून द्या.

यजमानांविषयी शेवटी लिहिते आहे, कारण त्यांच्या आक्षेपाचा अर्धा भाग वरच्या गोष्टींनीच मिटेल असा माझा अंदाज आहे. ‘वयाला शोभत नाही’ या वाक्यामागे पुष्कळदा ‘काही झाले तर मी काय करू’ ही भीती असते. तिला वादाने उत्तर देता येत नाही, कागदाने देता येते. तारखा, मुक्कामांचे पत्ते आणि फोन, विम्याचा क्रमांक, हनोईतील भारतीय दूतावास आणि हो ची मिन्ह सिटीतील वाणिज्य दूतावास यांचे क्रमांक एका कागदावर लिहून त्यांच्या हाती द्या. व्हिएतनामची वेळ आपल्यापुढे दीड तास आहे. रोज एका ठरावीक वेळी फोन करीन एवढेच सांगा, तासातासाला खुशाली कळवण्याचे वचन देऊ नका, कारण एकदा नेटवर्क गेले की तेच वचन काळजीचे कारण होते. आग्नेय आशियात भारतीय तरुणांना डांबून ठेवल्याच्या बातम्या त्यांनी वाचल्या असतील. ती मुले नोकरीच्या आमिषाने म्यानमार-कंबोडियात नेली गेली होती. परतीचे तिकीट हाती घेऊन मंदिरे पाहणाऱ्यांची ती गोष्ट नाही. तरीही भाचीला वाटेत कुणी नोकरी देऊ केली तर विषय तिथेच संपवायचा, हे ठरवून ठेवा. आणि हे सारे पाहूनही ते नको म्हणाले, तर तुमच्या सुट्टीचा आणि तुमच्या पैशाचा निर्णय कुणी घ्यायचा, हा प्रश्न व्हिएतनामपेक्षा मोठा आहे; तो तुम्ही दोघांनीच बोलायला हवा.

मे महिना धरला तर तुमच्या हाती बराच वेळ आहे. मधल्या एखाद्या जोडून आलेल्या सुट्टीत भाचीबरोबर बदामी-हंपीला जा. त्याच पिशव्या घ्या, पहिल्या रात्रीचाच मुक्काम ठरवा आणि पुढचे तिथे गेल्यावर पाहा. त्यातून पिशवीपेक्षा सोबतीची परीक्षा होईल. ती उशिरा उठते का, तुम्हाला देवळात दोन तास लागले की ती वैतागते का, पैशाचा हिशेब कोण ठेवते, हे घरापासून एका रात्रीच्या अंतरावर कळलेले बरे. त्यानंतरच तिकिटे काढा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी शिल्लक आहे ना, ते आजच पाहा, आणि तुमची शाळा अनुदानित असल्याने परदेशी जाण्यासाठी संस्थेची व शिक्षण विभागाची लेखी परवानगी कशी घ्यावी लागते, हे याच आठवड्यात मुख्याध्यापकांना विचारा. त्या कागदाला किती दिवस लागतील ते समजल्याशिवाय परत न मिळणाऱ्या स्वस्त तिकिटाला हात लावू नका.